स्वस्त पेंट मीटर आणि ‘शंभरच्या वर बिनधास्त’

डिटेलिंगचं, म्हणजे गाडीच्या बारीक सफाई-पॉलिशचं, काम करणाऱ्यांत आणि जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांत सध्या पेंट मीटरबद्दल, म्हणजे गाडीवरच्या रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजणाऱ्या यंत्राबद्दल, एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: तीन-चार हजारांचा पेंट मीटर म्हणजे खेळणं, घ्यायचा तर पन्नास हजारांचा घ्या नाहीतर घेऊच नका, खऱ्या कारागिराला मीटर लागत नाही, आकडा 100 मायक्रॉनच्या वर असला की बिनधास्त रबिंग मारा (म्हणजे पॉलिशनं घासा), 200 च्या वर गेला की गाडी ठोकलेली समजा, आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा पातळ संरक्षक लेप) खरंच मारलंय का, हे मीटर लावून पडताळा.

सगळ्यात घातक वाक्य 100 मायक्रॉनचं आहे, म्हणून आधी तेच. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वरपर्यंत मिळून साधारण 90 ते 150 मायक्रॉन थर असतो. पत्र्यालगत गंज रोखणारा ई-कोट सुमारे 20, त्यावर प्रायमर 30-35, मग रंग 15-20 आणि सगळ्यात वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, 35 ते 50. आपलं पॉलिश चालतं ते फक्त या शेवटच्या थरावर. मीटर मात्र सगळ्याची मिळून बेरीज सांगतो. दोन पॅनल 120 च दाखवत असतील, तरी एकावर 45 मायक्रॉन क्लिअर असू शकतं आणि दुसऱ्यावर, जिथं प्रायमर मुळातच जाड बसलाय आणि आधीच्या मालकानं दोनदा रबिंग करून घेतलंय, तिथं 25. त्या दुसऱ्या पॅनलवर वूल पॅड (लोकरी गादी) आणि जाड कंपाउंड (घासायची पेस्ट) घेऊन उतरलात की आणखी तीन-पाच मायक्रॉन सहज जातात, पाणीपेपर (पाणी लावून वापरायचा सँडपेपर) मारला तर त्याहून जास्त. रंग त्याच दिवशी उघडा पडतो असं नाही. क्लिअर पातळ होतं, ऊन अडवण्याची त्याची ताकद घटते, आणि पुढच्या काही उन्हाळ्यांत छतावर-बॉनेटवर पांढुरके चट्टे येऊन ते सुटायला लागतं. तोवर पॉलिश करणारा कुणाच्या लक्षातही नसतो. एकट्या आकड्याला म्हणूनच अर्थ नाही. शेजारचं पॅनल, त्याच पॅनलचा दुसरा कोपरा, छत यांच्याशी ताडून पाहा. आजूबाजूला 125 आणि एकाच पट्ट्यात 105 दिसत असेल, तर तिथं आधीच कुणीतरी घासलंय असं धरून हात आखडता घ्या. आकडा शंभरच्या वर असला तरीही.

आता किमतीचं. पन्नास हजारांचा साधा मीटरही त्याच दोन तत्त्वांवर चालतो ज्यांवर तीन हजारांचा: लोखंडी पत्र्यावर चुंबकीय प्रेरण, ॲल्युमिनियमवर एडी करंट (धातूत तयार होणारे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह). दोघांनाही थर वेगळे करता येत नाहीत. ते हवं असेल तर ध्वनिलहरींवर चालणारं अल्ट्रासॉनिक यंत्र लागतं, उदाहरणार्थ डेफेल्स्कोचं पोझिटेक्टर 200, आणि त्याची किंमत लाखाच्या पुढे जाते. मधल्या, म्हणजे पन्नास हजारांच्या, किमतीत तुम्हाला स्थिर रीडिंग, मजबूत प्रोब (पत्र्यावर टेकवायचं टोक) आणि कॅलिब्रेशनचं (आकडे प्रमाणाशी ताडल्याचं) प्रमाणपत्र मिळतं. विम्याच्या किंवा कारखान्याच्या तपासणीला त्याची गरज आहे. दोन-चार गाड्यांचं काम करणाऱ्या मुलानं त्यासाठी कर्ज काढू नये.

स्वस्त मीटरची मर्यादा खरी आहे, ती लपवत नाही. अचूकता म्हणून बऱ्याच पेट्यांवर ‘±(3 टक्के + 2 मायक्रॉन)’ असं छापलेलं असतं. 120 वर हिशेब केला तर साडेपाच मायक्रॉन इकडे-तिकडे. एका रबिंगमध्ये जेवढं जातं, जवळपास तेवढीच ही चूक. पण त्याच मीटरनं, त्याच खुणेवर, आधी आणि नंतर मोजलं, तर चुकीचा मोठा भाग दोन्हीकडे सारखाच असतो आणि फरकावर बऱ्यापैकी विसंबता येतं. अट एकच: मीटरनं तेच रीडिंग पुन्हा पुन्हा द्यायला हवं. म्हणून घेतल्या दिवशीच सोबतच्या कोऱ्या धातूच्या पट्टीवर झीरो करा, त्यावर पेटीतली प्लास्टिकची फॉइल ठेवा आणि दहा वेळा मोजा. आकडे चार मायक्रॉनपेक्षा जास्त नाचत असतील तर मुदतीत परत पाठवा, मग किंमत काहीही असो.

घेताना लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही ओळखणारा घ्या. रेंज रोव्हरची 2012 पासूनची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, आणि बाकीचा पत्रा लोखंडी असलेल्या काही गाड्यांचं बॉनेटही ॲल्युमिनियमचं असतं. तिथं फक्त लोखंड ओळखणारा मीटर निरुपयोगी. रीडिंग एकेक मायक्रॉननं बदलणारं हवं. पेनसारखे चुंबकी, लाल-हिरवे पट्टे दाखवणारे मीटर मिळतात, ते पुट्टी (खड्डे भरायचा लेप) शोधायला ठीक, पॉलिशच्या कामाला नाहीत. प्लास्टिकच्या बंपरवर यातला कुठलाच चालत नाही.

‘कारागिराला मीटर लागत नाही.’ गाडी पुन्हा रंगवली असेल तर अनुभवी डोळ्याला मास्किंग टेपची रेघ, रबरावर उडालेला स्प्रे, रंगाचा वेगळा दाणा दिसतो, आणि त्या नजरेबद्दल मला आदर आहे. पण 40 मायक्रॉन क्लिअर आणि 25 मायक्रॉन क्लिअर चमकतात सारखेच. उलट बाजूही सांगायला हवी: कडा आणि बॉडी लाइनवर रंग सगळ्यात लवकर जळतो आणि नेमकं तिथंच मीटरचं रीडिंग चुकतं, कारण प्रोबला सपाट जागा लागते. तिथं मीटर बाजूला ठेवून कडा टेप लावून झाकणंच बरोबर.

200 च्या वर म्हणजे ठोकलेली, हे तर अर्धवट वाचन आहे. पार्किंगमधल्या ओरखड्यासाठी एक दरवाजा रंगवला तरी 200-250 येतं. पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) लावलेली असेल तर तिचेच 150-200 मायक्रॉन वर चढतात. दोन रंगांच्या गाडीचं छत कारखान्यातच जास्त जाड येऊ शकतं. उलट, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्याच रंगाचा अख्खा दरवाजा आणून बसवला तर मीटर निवांत 110 दाखवेल. अशा वेळी बिजागरीच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा बघा. काळजी करायची ती 500-1000 च्या आकड्यांची, कारण खाली पुट्टी असते, आणि त्याहून जास्त दरवाज्याच्या खांबांवरच्या किंवा छताच्या कडेच्या रिपेंटची. फेंडर बोल्टवर बदलता येतो. खांब रंगवलेला असेल तर सांगाड्यालाच मार बसलेला असू शकतो.

राहिलं सिरॅमिक कोटिंग. त्याचा थर एक-दोन मायक्रॉनचा, बऱ्याचदा त्याहूनही कमी. मीटरची चूकच त्याच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे कोटिंग झालं किंवा नाही, यातलं काहीच मीटर सिद्ध करू शकत नाही. कोटिंगनंतर कुणी आकडा 15-20 नं वाढलेला दाखवत असेल, तर प्रोब नेमका आधीच्याच जागी टेकवला होता का, हे त्याला विचारा आणि स्वतःसमोर पुन्हा मोजायला लावा.