बिनकंडक्टरची गाडी

व्हिएन्नात दुसरा मजला चौथ्या मजल्यावर असतो. खाली 'पार्टेर', चार पायऱ्या चढल्या की 'होखपार्टेर', त्याच्या डोक्यावर 'मेझानीन', आणि हे सगळं पायांखाली घातल्यावर कुठे पहिला मजला मोजायला घेतात. जुनी इमारत, उंच छतं, दगडी गोल जिना. ताईनं फोनवर 'अगं, दुसऱ्याच मजल्यावर तर राहतो' असं आईला सांगितलं होतं. लिफ्ट नाही हे सांगायचं तेवढं राहून गेलं. आणि बॅगांमध्ये कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी, काळं तिखट, येसर आणि कुकर.

"तिकडं कुकर मिळत नाही का?" असं मी बार्शीतच विचारलं होतं.

"मिळतो. पण त्याची शिट्टी होत नाही म्हणे," आई म्हणाली. "शिट्टी न होणाऱ्या कुकरवर विश्वास कसा ठेवायचा?"

आई मेझानीनवर कठड्याला धरून दम खात असताना वरून एक आजी उतरल्या आणि 'ग्रूस गॉट' म्हणाल्या. आई धापा टाकत 'राम राम' म्हणाली. पुढे जिन्यात त्या दोघी जितक्या वेळा भेटल्या तितक्या वेळा हाच कार्यक्रम झाला. दोघींनाही त्यात काही अडचण जाणवली नाही.

आईचं असं निभावून गेलं. प्रश्न अण्णांचा होता.

अण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर बार्शी आगार, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच. माणूस दिसला की आधी तो कुठून कुठे चालला असेल आणि त्याचे किती होतील, हे त्यांच्या डोक्यात आपोआप येतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते पानं मोजतात. अशा माणसाला व्हिएन्नाच्या मेट्रोत नेणं हा जुलूम आहे, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी ताईनं आम्हाला स्टेशनात नेलं. सरकता जिना उतरून थेट फलाट. अण्णा मागे वळून वर बघत राहिले.

"दार कुठंय?"

"कसलं दार?"

"तिकीट बघून आत सोडायचं."

"इथं तसं नसतं अण्णा. या निळ्या खोक्यात तिकीट घालायचं, त्यावर तारीख-वेळ उमटते. झालं."

"आणि बघतं कोण?"

"कुणी नाही."

"बिनतिकिटाचा चढला तर?"

"कशाला चढेल?" ताई म्हणाली.

तिच्या शिक्षणावर केलेला सगळा खर्च अण्णांना त्या क्षणी आठवला असावा. त्यांनी निळ्या खोक्यात तिकीट घातलं, 'टिंग' झालं, ते बाहेर काढून चष्मा वर सरकवून छापलेली वेळ वाचली, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. मग बाजूला उभे राहून, कोण कोण टिंग करतं ते बघू लागले. बहुतेक लोक खोक्याकडे ढुंकून न बघता सरळ खाली जात होते. अण्णांचा चेहरा उतरत गेला. त्या लोकांकडे पास असतात, असं ताईनं समजावलं. 2012 पासून कित्येक वर्षं इथं वर्षाचा पास 365 युरोला मिळायचा, म्हणजे रोजचा एक युरो. हा हिशेब मात्र अण्णांना फार आवडला. "सुट्ट्या पैशांची कटकट नाही," ते म्हणाले. चाळीस जणांच्या गाडीत सगळ्यांनी पाचशेची नोट काढली तर काय होतं हे ज्यानं भोगलंय त्याचीच ही दाद.

आईनं विचारलं, "बायकांना अर्धं तिकीट नाही?" आपल्याकडे 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय आणि आई ते स्वतः मिळवून आणल्यासारखी सांगत असते. इथं तसं काही नव्हतं. ऑस्ट्रियाबद्दलचं तिचं मत तिथं जरा खाली आलं. उलट आमच्या चिऊला शाळेच्या सुट्टीचे दिवस म्हणून सगळं फुकट. सुट्टीत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीटच नाही. अण्णा हळहळले. एसटीत पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट, त्यामुळे तोंडावर मिसरूड फुटलेली मुलं 'अकरावं लागलंय' म्हणत आईच्या मांडीवर बसायची, आणि अण्णांनी तीस वर्षं त्या मांड्यांशी भांडण केलं. इथं भांडायलाच जागा ठेवलेली नाही.

त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं ते कुत्र्यामुळे. समोर एक बाई मोठा कुत्रा घेऊन बसल्या होत्या, कुत्र्याच्या तोंडाला मुसकी. ताई म्हणाली, मेट्रोत कुत्र्याला मुसकी लागते आणि अर्धं तिकीटही लागतं. अण्णा खुलले. "हां! हा नियम झाला." मग कुत्र्याच्या बाईंना ते तिकीट दाखवायला लावणार असं दिसल्यावर ताईनं त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं.

ताई आणि भावजी दिवसभर कामावर. त्यामुळे ताईनं फ्रिजवर नियमांचा कागद चिकटवून ठेवला होता. रात्री दहानंतर आवाज नको. रविवारी आवाज नको. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांना मोकळी. (आम्ही चौघं एका पायरीवर आडवे उभे राहतो, हे तिला माहीत होतं.) मेट्रोत खायचं नाही, 2019 पासून सगळ्या मार्गांवर बंदी आहे. या कलमाखाली तिनं 'आई, चटणीसुद्धा नाही' असं वेगळं लिहिलं होतं. कचऱ्याचं कलम तर पानभर: कागद लाल झाकणात, ओला तपकिरीत, प्लॅस्टिक आणि डबे पिवळ्यात, काच वेगळी, त्यातही रंगीत काच वेगळी आणि पांढरी वेगळी. आई म्हणाली, "आमच्या वेळी सोवळं होतं ते यापुढं काहीच नाही." तिनं तो कागद एकदा वाचला आणि दुसऱ्या दिवशीपासून कचऱ्यात ती कुणालाही हात लावू देईना.

शहराचा कचरा जाळायचा कारखानाही ताईनं आम्हाला प्रेक्षणीय स्थळ म्हणून दाखवला. श्पिटेलाउला आहे तो. हुंडर्टवासर नावाच्या चित्रकारानं रंगवलेला, उंच धुराड्यावर सोनेरी गोळा, आणि कचऱ्याच्या उष्णतेवर शहरातली घरं गरम होतात. गाडीच्या खिडकीतून तो गोळा बघून आईनं कुठलं देऊळ म्हणून विचारलं होतं. कारखाना आहे कळल्यावरही तिनं जोडलेले हात लगेच सोडले नाहीत.

शोनब्रुनचा राजवाडा पाहिला. 1441 खोल्या. मारिया थेरेसाला सोळा मुलं. आईनं खोल्यांना सोळानं भागून पाहिलं आणि गप्प झाली.

रविवारची गंमत वेगळी. दुकानं बंद, रस्ते सुनसान आणि घरातलं दूध संपलेलं. बायको आणि मी दूध शोधायला बाहेर पडलो तर कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली. आत वर्तमानपत्रांची चवड, बाजूला पैसे टाकायची छोटी पेटी. पेपर घ्यायचा, पेटीत नाणं टाकायचं. कुणी माणूस नाही, कॅमेरा नाही. घरी येऊन मी हे सांगितलं आणि तिथून पुढे अण्णांचा रविवार खिडकीत गेला. चहा खिडकीत, नाश्ता खिडकीत. दुपारी त्यांनी अहवाल दिला: "निळ्या टोपीवाल्यानं पेपर घेतला. नाणं टाकलं, पण आवाज हलका होता. वीस सेंटचं असणार. दोन युरोचं जड पडतं." चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरून, बंद काचेतून.

"तुम्हाला नाण्याचा आवाज ऐकू आला?"

"मला नाही ऐकू आला. त्यालाही नाही आला. तिथंच कळलं."

पाण्याच्या बाटल्यांचं प्रकरण त्याच आठवड्यातलं. नळाचं पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं, 1873 पासून पाइपानं शहरात येतं, बेलाशक प्या, असं ताई रोज सांगायची. आईचा नळावर विश्वास नव्हता, म्हणून बाटल्या यायच्या. 2025 पासून ऑस्ट्रियात प्लॅस्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत घेतात, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की परत मिळतात. हे ऐकून अण्णांनी रिकाम्या बाटल्यांचं खातं स्वतःकडे घेतलं. पिशवी भरून दुकानात गेले, पहिली बाटली यंत्राच्या तोंडात घातली. यंत्रानं ती गोल फिरवून पाहिली आणि बाहेर ढकलली. दुसरीही ढकलली. मग तिसरी. कारण अण्णांनी प्रत्येक बाटली पिऊन झाल्यावर नीट पिळून, चुरगाळून, बूच लावून ठेवली होती. आपल्याकडे बाटलीवरच छापलेलं असतं ना, वापरानंतर चुरगाळून टाका. इथं उलट. बाटली अखंड हवी आणि तिच्यावरचा कागदही शाबूत हवा, नाहीतर यंत्र ओळख देत नाही.

अण्णा घरी आले आणि गॅलरीत बसून एकेका बाटलीत तोंडानं फुंकर मारून त्या पूर्ववत फुगवू लागले. गाल लाल, डोळे बाहेर. जिन्यातल्या त्या आजी अंगणातून वर बघत होत्या. "ग्रूस गॉट," त्या म्हणाल्या. अण्णांचं तोंड बाटलीत होतं. फुगवलेल्यांपैकी निम्म्या यंत्रानं घेतल्या. सव्वा युरोची चिठ्ठी आली, ती अण्णांनी खिशात जपून ठेवली, आणि यंत्राबद्दल मात्र आदरानं बोलू लागले. "तपासून घेतंय. असं पाहिजे."

पण खरा घाव बसला तो फुलांच्या शेतात. शहराच्या कडेला बसनं उतरलो तर रस्त्यालगत ग्लॅडिओलस आणि सूर्यफुलांचे वाफे, बांधावर दरांची पाटी, साखळीला बांधलेली सुरी आणि फटीची लोखंडी पेटी. फुलं स्वतः कापा, स्वतः मोजा, पैसे पेटीत टाका. मालक दूरदूरपर्यंत नाही. साधं कुत्रंसुद्धा नाही. वाऱ्यानं फुलं डुलत होती आणि अण्णा बांधावर डोक्याला हात लावून बसले होते.

"लुटून नेतील रे याला."

"कोण नेईल? आपणच आहोत इथं."

हे ऐकून अण्णा एकदम सावध झाले. आम्हाला त्यांनी वाफ्याबाहेर एका रांगेत उभं केलं. चिऊला एकेक फूल आणायला पाठवलं, प्रत्येक फूल मोठ्यानं मोजलं, एक दांडा मोडका होता तोही धरला. पैसे पेटीत टाकताना आम्हा सगळ्यांना बघायला लावलं. शिवाय आईच्या पिशवीत चुकून एखादं जादा गेलं नाही ना, ते उलटून पाहिलं. ज्या मालकाला आम्ही कधी बघितलं नाही, त्याच्या वतीनं अण्णांनी आमची लाइन चेकिंग केली. परतीच्या बसमध्ये ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे लोक लबाड आहेत. कंडक्टरचा पगार वाचवलाय, आणि प्रत्येक माणसाला फुकटात कंडक्टर करून ठेवलंय."

आमच्या परतीच्या आधीच्या शनिवारी ताईला सुट्टी होती. सगळे मिळून हिरव्या मार्गाच्या गाडीत बसलो. दोन स्टेशनं गेली असतील. पाठीवर सॅक घेतलेला एक तरुण आणि जीन्समधली एक बाई आमच्याबरोबर चढले होते. दारं लागली तसे दोघांनी खिशातून ओळखपत्रं काढली आणि मोठ्यानं काहीतरी म्हणाले. डब्यात एकदम सगळ्यांचे हात खिशांकडे गेले.

साध्या वेशातलं चेकिंग! अण्णा ताडकन उठून उभे राहिले. सवय हो. एसटीत फाट्यावर पथक चढलं की ते प्रवाशाआधी कंडक्टरला धरतं. गाडीतली माणसं आणि फाडलेली तिकिटं जुळली नाहीत तर बदली, निलंबन, काहीही. अण्णांचा उजवा हात खांद्यावरच्या पिशवीकडे गेला. पिशवी आईची होती, तिच्यात फक्त गोळ्या आणि रुमाल होते. पण आमची सगळ्यांची तिकिटं त्यांनी शर्टाच्या खिशात, ज्या क्रमानं आम्ही बसलो होतो त्या क्रमानं लावून ठेवली होती. त्या बाईंच्या हातात त्यांनी ती पत्त्यांसारखी पसरून दिली. वर चिऊकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांनी तिची उंची दाखवली, म्हणजे वयाचा प्रश्न नको. बाईंनी हसून 'डांके' म्हटलं. त्या गेल्यावर अण्णा खाली बसले. मोझार्टच्या घरी नाही, राजवाड्यात नाही, इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर त्या सबंध प्रवासात पाहिला नव्हता.

"चुकलं थोडं," ते मला म्हणाले. "दोघं एकाच दारानं चढले. एकानं मागून यायला पाहिजे होतं. मधले सटकतात."

आणि खरंच डब्याच्या दुसऱ्या टोकाला, कानात इयरफोन घातलेला एक पोरगा त्या सॅकवाल्याला हातवारे करून काहीतरी समजावत होता. दंड शंभर युरोच्या वर. डब्यात सगळे आपापल्या फोनमध्ये बघत होते. इथं असं कुणाकडे टक लावून बघत नाहीत, हेही फ्रिजवर लिहिलेलं होतं. अण्णा टक लावून बघत होते.

"काय म्हणतोय तो?" चिऊनं विचारलं.

"पास घरी राहिलाय म्हणतोय," अण्णा म्हणाले.

ताईनं चमकून त्यांच्याकडे बघितलं. "हो, तेच म्हणतोय. अण्णा, तुम्हाला जर्मन कधीपासून—"

"जर्मन कशाला लागतंय?"

"मग राहिलाही असेल बिचाऱ्याचा," आई म्हणाली.

"छे," अण्णा म्हणाले. "खरंच राहिला असता तर आधी सगळे खिसे चाचपले असते त्यानं. यानं एकातही हात घातला नाही."