फोटो-व्हिडिओवाल्यांना आदल्या दिवशीच कळवा

विद्यापीठात नोकरीला आहात आणि तिथे फोटो-व्हिडिओचा वेगळा विभाग आहे? मग पहिली गोष्ट, त्यांना वेळेत कळवायचं नाही. परिसंवादाची तारीख ३ महिन्यांपूर्वी ठरलेली असली तरी मेल आदल्या दिवशी संध्याकाळीच टाकायचा, विषयात नुसतं "उद्या" लिहायचं, आणि वेळ, हॉल वगैरे फोनवर सांगतो म्हणून फोन उचलायचा नाही. लवकर कळवलं की ही माणसं येऊन हॉल बघतात, प्लग कुठेत विचारतात, उगाच डोक्याला ताप.

कॅमेऱ्यासमोर बसायचं असेल तर बारीक रेघांचा शर्ट घाला. सेन्सरवर पिक्सेलची जाळी असते, कापडाच्या रेघा तिच्यात अडकल्या की शर्टावर लाटा सळसळायला लागतात, मॉअरे म्हणतात त्याला, आणि मग विषय कितीही रटाळ असो, बघणाऱ्याची नजर हटत नाही. मागे हिरवा पडदा असेल तर अर्थातच हिरवा शर्ट, म्हणजे एडिटिंगमध्ये धड गायब होऊन डोकं आणि हात तेवढे तरंगतील.

कॉलर माइक देतील तो घ्या, पण गळ्यातलं ओळखपत्र काढू नका, दर वाक्याला ते माइकवर आपटलं पाहिजे.

ग्रुप फोटोला ४० माणसं उभी करा आणि पहिल्या क्लिकला "झालं ना?" म्हणून पांगा. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, म्हणजे ४० जणांत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले निघणारच, म्हणून तो बिचारा दहा क्लिक मागत असतो. ते कुणाचे ना कुणाचे म्हणजे कुलगुरूंचे, हे फोटो छापून आल्यावर कळतं, आणि मग आपण मोकळे, फोटोग्राफरच वाईट होता म्हणायला.

विभागाची ओळख करून देणारा २ मिनिटांचा व्हिडिओ हवाय? स्क्रिप्ट ५ पानांचं द्या. निवांत बोलताना मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द होतात, म्हणजे २ मिनिटांत जेमतेम ३०० बसतात, असं ते समजावून सांगतील, तर "जरा भरभर वाचा की" म्हणायचं. एडिट झाला की समितीतल्या सातही जणांनी सात वेगवेगळे मेल करायचे, एकाला संगीत मोठं हवं, दुसऱ्याला संगीतच नको, आणि व्हॉइसओव्हर रेकॉर्ड झाल्यावर कुणीतरी आठवण करून द्यायची की विभागाचं नाव मागेच बदललंय.

फोटो व्हॉट्सॲपवरच मागा (लिंक कोण उघडत बसणार). तिथे तो दाबून पार बारीक होतो, तोच वार्षिक अहवालात पानभर लावा. ए४ पानाला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, तुमच्याकडे त्यातले थोडेच शिल्लक असतात, मग "तुमच्या एवढ्या महागड्या कॅमेऱ्याचा फोटो फाटतोच कसा" असं चारचौघांत विचारा.

आणि तुमचा स्वतःचा वेबसाइटवरचा फोटो? या बसा, १० मिनिटांत काढून देतो, असे त्यांचे तीन मेल येऊन पडलेत, उत्तर देऊ नका. तिथे अजून तुमचे केस काळे आहेत, फोटो कुठल्यातरी समारंभातला कापून लावलेला आहे, आणि खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात अजून तसाच आहे.