ग्लासगोच्या नगरचिन्हावरचा पक्षी उडाला होता

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या नगरचिन्हावर एक झाड, शेंड्यावर पक्षी, फांदीला टांगलेली घंटा आणि बुंध्यापाशी तोंडात अंगठी धरलेला मासा आहे. तिथल्या मुलांच्या तोंडी असलेले चार ओळींचे पद्य सांगते, की हा पक्षी कधी उडाला नाही, झाड कधी वाढले नाही, घंटा कधी वाजली नाही आणि मासा कधी पोहला नाही. पद्य गोड आहे, चटकन पाठ होते. पण त्याने या चिन्हाचा अर्थच उलटा करून टाकला आहे, असे माझे ठाम मत आहे.

ही चित्रे ग्लासगोचे पालक संत मानले जाणारे सहाव्या शतकातील मंगो यांच्या आख्यायिकांमधून आली आहेत. सहाध्यायांच्या हातून मेलेला गुरूंचा रॉबिन पक्षी मंगोंच्या प्रार्थनेने पुन्हा जिवंत झाला. त्याच मुलांनी मठातला अग्नी मुद्दाम विझवला, तेव्हा मंगोंनी हेझलची गोठलेली फांदी प्रार्थनेने पेटवली. चिन्हात त्या फांदीचे पूर्ण झाड झाले. माशाची कथा मला सर्वांत मोलाची वाटते. राणीने आपली अंगठी प्रियकराला दिली, राजाने ती त्याच्याकडून काढून क्लाइड नदीत फेकली आणि मग राणीकडे अंगठी मागून तिला मृत्युदंडाची धमकी दिली. तेव्हा मंगोंनी शिष्याला मासा पकडायला पाठवले आणि त्या सॅमनच्या पोटात अंगठी सापडली. राणी दोषी होती, तरीही संताने तिला वाचवले. ही क्षमेची कथा एका शहराने आपल्या ढालीवर मिरवावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

घंटा तर प्रत्यक्षात वाजत असे. शहराचे प्रमुख जॉन स्टुअर्ट यांनी १४५० मध्ये आपल्या आत्म्यासाठी लोकांनी प्रार्थना करावी म्हणून ती घडवण्यास देणगी ठेवली होती, आणि १६४१ मध्ये तिच्या जागी आणलेली घंटा आजही जपून ठेवलेली आहे.

लॉर्ड लायन या स्कॉटलंडच्या चिन्हाधिकाऱ्याने १८६६ मध्ये या चिन्हाला मान्यता दिली, तेव्हा ब्रीदवाक्य ‘ग्लासगोची भरभराट होवो’ एवढेच उरले. ग्लासगोतल्याच ट्रॉन चर्चच्या १६३१ च्या घंटेवर मात्र, देवाच्या वचनाच्या उपदेशाने आणि त्याच्या नामाच्या स्तुतीने ही भरभराट व्हावी, असे मागणे कोरले होते. सर्व धर्मांच्या नागरिकांसाठी आखूड वाक्य योग्यच आहे. पण आख्यायिकांना अशी कात्री लावण्याचे काहीच कारण नाही. शाळांनी पद्य जरूर शिकवावे, मात्र त्याच तासाला चारही कथा सांगाव्यात.