‘सायकल चालवणाऱ्या बायकांनी वजनं उचलू नयेत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या सायकल ग्रुपमधल्या एका मुलीने जिमला जाणं अचानक बंद केलं. वय सव्वीस, 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, दोनदा वेळेत पूर्ण केलेली. कारण विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, ‘ताई, हे वाचा ना.’ तोच मेसेज त्याआधी मला चार ठिकाणांहून आला होता. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्या स्त्रियांनी वजनं उचलू नयेत. त्याने शरीर पुरुषी होतं, पाय जड होऊन वेग मंदावतो, गर्भाशय खाली सरकतं, पाळी बिघडते. पाय मजबूत करायला सायकल पुरेशी आहे. चाळिशीनंतर तर वजनांना हातही लावू नये.

मी त्रेचाळीस वर्षांची आहे. सहा वर्षं सायकल चालवते, अडीच वर्षं वजनं उचलते. यातलं एकही विधान मला सोडून देता येत नाही, कारण ते वाचून एका मुलीने तिच्या उपयोगाची गोष्ट सोडली आहे.

सगळ्यात पटण्यासारखा मुद्दा आधी घेते: सायकल पुरेशी आहे. मीही साडेतीन वर्षं हेच मानत होते. जरा हिशेब करू. सपाट रस्त्यावर मी साधारण 120 वॉटने, मिनिटाला 80 फेऱ्या मारत जाते. पेडलचा दांडा 170 मिलिमीटरचा धरला, तर पेडलवर पडणारा सरासरी जोर येतो साडेआठ किलोच्या आसपास. ऐन खाली दाबतानाचा जोर याच्या दुप्पट धरा, घाटात आणखी जास्त धरा. तरीही जिन्याची एक पायरी चढताना माझं अख्खं शरीर एका पायावर उचललं जातं, त्यापेक्षा तो कमीच. बारा तासांत 57,600 फेऱ्या होतात. त्याने दम वाढतो, हृदय तयार होतं, चिकाटी येते. पण स्नायूला त्याची सगळी ताकद एकदम लावायची वेळ त्यात फार क्वचित येते.

हाडांचं तर विचारूच नका. सायकलवर आपलं वजन सीट पेलते, हाडांवर आदळ बसत नाही. गुडघ्यांना हे बरं, पण हाड दणकट व्हायला त्याच्यावर भार यावा लागतो. वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांच्या कण्याच्या हाडांची घनता कमी आढळते, अगदी व्यावसायिक सायकलपटूंचीसुद्धा. बायकांना पाळी थांबल्यावर हाडं ठिसूळ होण्याचा धोका आधीच जास्त. म्हणजे ज्या बाईचा सगळा व्यायाम सायकलवर होतो, तिला वजनांची गरज इतरांपेक्षा अधिक आहे. मेसेज तिलाच ‘नको’ म्हणतो.

आणि सायकल काय फक्त पायांनी चालते? माझ्या पहिल्या 300 च्या बीआरएममध्ये पाय शेवटपर्यंत ठीक होते. शेवटच्या साठ किलोमीटरला मान उचलेना. एका हाताने हनुवटीला आधार देत, दुसऱ्या हाताने हँडल धरून अंधारात सायकल चालवली. तळहात बधिर झाले होते, कारण पोट आणि पाठ ढिली पडल्यावर धडाचा सगळा भार हातांवर आला होता. वीस तासांची मर्यादा होती, मी एकोणीस तास वीस मिनिटांनी पोचले. घरी आल्यावर दोन दिवस केस विंचरताना हात वर जात नव्हता. जिमची पायरी मी चढले ती त्या मानेमुळे.

आता वेग. ‘पाय जड होतात’ हे अनुभवाच्या जवळचं वाटतं, कारण स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या बैठका) केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणंही अवघड होतं. ते दुखणं खरं आहे आणि ते जातं. पण काही महिन्यांनी काय होतं, हे नॉर्वेतल्या संशोधकांनी तयारीच्या महिला खेळाडूंवरच पाहिलं. तो अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. अकरा आठवडे नेहमीच्या सरावासोबत पायांसाठी जड वजनं. मग तीन तास सायकल चालवायला लावून, थकलेल्या पायांनी पाच मिनिटं जीव तोडून चालवायला सांगितलं. वजनं उचलणाऱ्या गटाची त्या पाच मिनिटांतली सरासरी ताकद 7 टक्क्यांनी वाढली होती. ताज्या पायांनी नाही, तीन तासांनंतर! बीआरएम करणारीला हेच तर हवं असतं.

या भीतीचं मूळ कुठे असावं, याचा मला अंदाज आहे. 1980 साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने एकाच वेळी ताकद आणि दम या दोन्हींचा सराव करणाऱ्यांचा दहा आठवडे अभ्यास केला. तेव्हापासून ‘दोन्ही एकत्र केलं की एकाला खीळ बसते’ हे वाक्य फिरतं आहे. पण खीळ कशाला बसली? ताकदीला. सात-आठ आठवड्यांनंतर त्यांची ताकद वाढायची थांबली आणि शेवटी थोडी उतरली. त्यांचा दम मात्र फक्त दमाचा सराव करणाऱ्यांइतकाच वाढला. मेसेजने हे नेमकं उलटं करून सांगितलं आहे.

माझ्या वहीतही हेच दिसतं. पहिल्या दिवशी 15 किलोचा रिकामा दांडा उचलला. तीन महिन्यांत डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून दांडा उचलून ताठ उभं राहणं, 40 किलोवर आलं आणि पुढचे चार महिने तिथेच अडलं. त्या काळात मी आठवड्याला अडीचशे किलोमीटर चालवत होते आणि जेवत होते पूर्वीइतकंच. मग सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीभर जास्तीची उसळ, संध्याकाळी पनीर किंवा ताक-फुटाणे असं सुरू केलं, आठवड्यातली एक राइड कमी केली, आणि आकडा हलला. आज 75 किलो पाच वेळा उचलते, स्क्वॉट 55 ला आहे. खांद्यावरून डोक्यावर ढकलायचं वजन मात्र साडेसत्तावीसच्या पुढे जात नाही. तिथे प्रगती फार हळू आहे. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटाला आधी एक तास बारा मिनिटं लागायची, या हिवाळ्यात अठ्ठावन्न मिनिटांत वर पोचले. याचं सगळं श्रेय वजनांना देणार नाही, त्या काळात घाटही पुष्कळ केले. पण गेल्या वर्षीची 300 मी मान ताठ ठेवून पूर्ण केली, आणि मानेसाठी वजनांशिवाय दुसरं काहीही केलं नव्हतं.

शरीर पुरुषी होण्याबद्दल. स्नायू फुगण्यात टेस्टोस्टेरॉनचा मोठा वाटा असतो आणि ते पुरुषांच्या रक्तात बायकांपेक्षा दहा-पंधरा पटींनी जास्त असतं. त्यात लांब पल्ल्याची सायकल इतकं खाल्लेलं खर्च करते, की आकार वाढवायचा म्हटला तरी वाढत नाही. अडीच वर्षांत माझं वजन 56 वरून 58 किलो झालं, ब्लाउज तेच आहेत. मीराबाई चानूकडे पाहा. टोकियो ऑलिंपिकमध्ये 49 किलोच्या गटात रौप्यपदक, एका झेपेत नाही पण दोन टप्प्यांत 115 किलो डोक्यावर. उंची जेमतेम पाच फूट. आणि समजा, एखादीचे दंड दिसायला लागलेच, तर ते तिच्या मेहनतीचे आहेत. मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही.

गर्भाशयाचा मुद्दा मी हलक्याने घेणार नाही, कारण त्यामागे खरं दुःख आहे. बाळंतपणानंतर आठ-पंधरा दिवसांत ज्यांना डोक्यावर हंडे आणि सरपण वाहावं लागलं, विश्रांती मिळाली नाही, पोटभर अन्न मिळालं नाही, अशा बायकांना अंग बाहेर येण्याचा त्रास होतो. आमच्या आजीच्या पिढीत हे घरोघरी होतं, आणि भीती तिथून आली आहे. पण विश्रांतीशिवाय, नाइलाजाने वाहिलेलं ओझं आणि महिन्या-महिन्याने दोन-अडीच किलो वाढवत, श्वास सांभाळत उचललेलं वजन या एक गोष्टी नाहीत. निरोगी बाईचं गर्भाशय अशा व्यायामाने खाली येतं, असं दिसलेलं नाही. ज्यांना खाली ओढल्यासारखं किंवा जड वाटतं, खोकताना लघवी सुटते, किंवा नुकतंच बाळंतपण झालं आहे, त्यांनी आधी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवावं. त्यांच्याकडून बहुतेकदा व्यायामच मिळतो, आयुष्यभराची बंदी नाही.

पाळी बिघडते ती खर्चाच्या मानाने खाणं कमी पडल्यामुळे. असं दीर्घकाळ चाललं की शरीर पाळी थांबवतं, सोबत हाडंही झिजतात. लांब सायकल चालवणारीला हा धोका वजनांशिवायही आहे. पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांकडे जा आणि ताटाकडे बघा.

चाळिशीचं उत्तर ऑस्ट्रेलियातून देते. तिथे पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या स्त्रियांना देखरेखीखाली आठ महिने जड वजनं उचलायला दिली. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, डेडलिफ्ट आणि स्क्वॉटसकट. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्क्यांनी घटली.

मेसेजमध्ये एक गोष्ट असती तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता: लांब राइडच्या आदल्या दिवशी पायांची जड वजनं करू नका. रविवारी 200 असेल तर मी पायांचं बुधवारीच उरकते, शुक्रवारी फक्त खांदे-पाठ, तेही हलकं. बीआरएमच्या आठवड्यात वजन निम्मं. आणि पहिले दोन महिने कुणीतरी जाणकार शेजारी उभं असावं, कारण पाठ गोल करून उचललेलं 30 किलोही महागात पडतं.

त्या मुलीला हे सगळं कात्रज घाटाच्या चढावर, धापा टाकत सांगितलं. सोमवारी संध्याकाळी सहाला ती येणार आहे. रिकाम्या दांड्यापासून पुन्हा सुरुवात करू.