अर्लिंग्टनच्या पहारेकऱ्यांवरचा तो फॉरवर्ड

वॉशिंग्टनच्या आसपास मुलगा किंवा मुलगी राहत असेल, तर आई-वडिलांच्या अमेरिकावारीत अर्लिंग्टनची राष्ट्रीय लष्करी दफनभूमी बहुधा असतेच. अज्ञात सैनिकाच्या समाधीसमोर पहारा बदलतानाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर येतो आणि त्याखाली कुणीतरी तो जुना मजकूर चिकटवतं. ईमेलच्या काळापासून फिरतोय तो. इथला जवान म्हणे दोन वर्षं समाधीखालच्या बराकीत राहतो. पहिले सहा महिने कुणाशी बोलत नाही, टीव्ही बघत नाही. जन्मभर दारूला शिवणार नाही आणि चारचौघांत शिवी देणार नाही, अशी शपथ घेतो. १९३० पासून हा पहारा अखंड आहे, आणि २००३ च्या चक्रीवादळात जागा सोडायचा हुकूम मिळूनही जवानांनी तो मानला नाही.

मजकूर कौतुकाचा आहे, म्हणून कुणी तपासत नाही. मला तो खटकतो, कारण त्या जागेचा खरा इतिहास याहून मोठा आहे आणि तो या भाकडकथांखाली गाडला जातो.

आधी खरं ते मान्य करू. जवान २१ पावलं चालतो, समाधीकडे तोंड करून २१ सेकंद थांबतो. हा आकडा २१ तोफांच्या सलामीवरून आला. वळल्यावर तो रायफल खांदा बदलून घेतो, म्हणजे ती कायम समाधी आणि प्रेक्षक यांच्या मध्ये राहते. पकड घट्ट राहावी म्हणून हातमोजे ओले करतात, हेही खरं.

आता बराक. समाधीखाली कुणी राहत नाही. शेजारच्या अँफीथिएटरच्या खाली पाळीवरच्या जवानांना थांबायला आणि गणवेश नीट करायला खोल्या आहेत, एवढंच. राहायला ते लगतच्या फोर्ट मायर तळावर किंवा स्वतःच्या घरी असतात. दोन वर्षांची सक्तीही नाही. सरासरी नेमणूक दीड वर्षाच्या आसपास भरते. सहा महिन्यांचं मौन तर शुद्ध कल्पना आहे. न बोलता शिकणार कसं? त्यांना दफनभूमीचा इतिहास पानंच्या पानं तोंडपाठ म्हणून दाखवावा लागतो. शंभर प्रश्नांची परीक्षा असते आणि पंच्याण्णव बरोबर आल्याशिवाय समाधीच्या पहारेकऱ्याचा बिल्ला मिळत नाही. पहाऱ्यावरही तो अगदी मुका नसतो. कुणी साखळी ओलांडली किंवा गोंगाट केला तर थांबून मोठ्या आवाजात ताकीद देतो.

दारूची शपथ कुणी घेत नाही. कामाबाहेर, कायद्याने वय झालेला जवान इतरांसारखाच पिऊ शकतो. या अफवेचं मूळ बहुधा बिल्ल्याच्या नियमात असावं. तो मिळवलेल्या माणसाने पुढे कधीही, अगदी लष्कर सोडल्यावरसुद्धा, त्या पदाला काळिमा फासणारं काही केलं तर बिल्ला काढून घेता येतो. हा नियम पुरेसा कडक आहे. त्याला संन्यासाची जोड कशाला द्यायची? आणि फॉरवर्डमधला पहारेकरी नेहमी ‘तो’ असतो, तेही जुनं झालं. १९९६ साली पहिल्या महिला जवानाने हा बिल्ला मिळवला.

१९३० हे साल कुठून आलं कोण जाणे. पहिल्या महायुद्धातल्या अज्ञात सैनिकाला इथे ११ नोव्हेंबर १९२१ रोजी पुरलं, तेव्हा पहारा नव्हताच. वर साधी संगमरवरी फरशी होती आणि टेकडीवरून शहर छान दिसतं म्हणून लोक तिथे बसून डबे खायचे. तक्रारी झाल्या, तेव्हा १९२५ मध्ये एक बिगरलष्करी रखवालदार नेमला गेला. १९२६ पासून दिवसा लष्कराचा पहारा आला आणि चोवीस तासांचा पहारा १९३७ पासून. आजचा शिस्तबद्ध सोहळा लोकांच्या बेपर्वाईला उत्तर म्हणून उभा राहिला, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नसतं.

वादळाची गोष्ट तर उलटीच सांगितली जाते. २००३ च्या सप्टेंबरात इझाबेल वादळ आलं. जिवाला धोका वाटला तर आडोशाला जायची सोय ठरवून ठेवली होती. तशी वेळ आली नाही आणि जवान पहाऱ्यावर राहिले. जागा सोडण्याचा हुकूम निघाला नाही, म्हणून तो धुडकावण्याचाही प्रश्न आला नाही. वरिष्ठांचं न ऐकणं हा सैनिकाचा गुण म्हणून मिरवणाऱ्यांनी एखाद्या जवानालाच विचारून बघावं.

मला सर्वांत जास्त सलतं ते म्हणजे या सगळ्यात समाधीत कोण आहे हे कुणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धातला आणि कोरियातला असे दोन अज्ञात सैनिक १९५८ मध्ये इथे आले. १९८४ मध्ये व्हिएतनाममधला चौथा आला. पण १९९८ मध्ये त्याचे अवशेष बाहेर काढून डीएनए तपासला, आणि तो वायुदलाचा फर्स्ट लेफ्टनंट मायकल ब्लासी निघाला. घरच्यांनी त्याला सेंट लुईसच्या लष्करी दफनभूमीत पुन्हा पुरलं. अर्लिंग्टनची ती जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे. तिच्यावरच्या शिळेवर आता बेपत्ता सैनिकांची आठवण कोरलेली आहे. तिथे गेलात तर ती शिळा जरूर वाचा. जवळच कोलंबिया यानाचं स्मारक आहे, त्यावर कल्पना चावलाचं नाव आहे.

राहिला आपल्या ग्रुपांवरचा ठरलेला शेवट: ‘आपल्याकडे आहे का असं काही?’ आहे. इंडिया गेटखाली १९७२ पासून अमर जवान ज्योतीवर तिन्ही दलांचे जवान पहारा देत होते. २०२२ मध्ये ती ज्योत शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या त्या स्मारकात पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत. तिथे जायला व्हिसा लागत नाही.