खुलासा : सभागृहाचे गायकवाड आणि बडोद्याचे गायकवाड

नाशिकच्या भाभानगरातल्या दादासाहेब गायकवाड सभागृहाचा फोटो लावून एक मेसेज फिरतोय. ‘बडोद्याच्या राजघराण्यातले हे दादासाहेब, यांनीच बाबासाहेबांना परदेशी शिकायला पैसे दिले.’ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर त्याला नमस्कारांची रांग लागली.

ही दोन वेगळी माणसं आहेत. शिष्यवृत्ती दिली महाराजा सयाजीराव गायकवाडांनी. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले १९१३ साली. कर्मवीर दादासाहेब, म्हणजे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, यांचा जन्म १९०२ चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. अकराव्या वर्षी कोण कुणाला शिष्यवृत्ती देणार?

दादासाहेब राजघराण्यातले नव्हेत. दलित कुटुंबात वाढलेला हा माणूस बाबासाहेबांचा विश्वासू सहकारी. २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची नाशकातली बरीचशी धावपळ त्यांच्या खांद्यावर होती. पुढे ते खासदार झाले, १९६८ साली पद्मश्रीही मिळाली.

घोळ होण्यासारखं आहे, हे मान्य. कारण सयाजीरावही मूळ आपल्याच जिल्ह्यातले! मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचे, शेतकरी घरातले गोपाळराव. १८७५ साली दत्तक गेले आणि बडोद्याच्या गादीवर बसले. शिवाय दोघांचंही नाव बाबासाहेबांच्या चरित्रात वारंवार येतं.

तेव्हा तो मेसेज कुणी पाठवलाच, तर खाली १९०२ आणि १९१३ एवढंच लिहा. आणि हो, चित्रपटवाले दादासाहेब तिसरेच. ते फाळके, त्र्यंबकेश्वरचे.