दोन हात, दोन अर्थ

अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या ‘वेल्स खिडकी’वरचा (वेल्सच्या लोकांनी वर्गणी काढून दिलेल्या रंगीत काचेच्या खिडकीवरचा) तुमचा लेख आवडला, पण हातांवर एकच ओळ? अहो, सगळी गोम तिथेच आहे! वेल्सचा कलाकार जॉन पेट्स याने त्यात काळा ख्रिस्त काढलाय, क्रुसावर असतो तसा हात पसरलेला. त्यातला उजवा हात द्वेष आणि अन्याय मागे लोटतोय, डावा क्षमा देऊ करतोय. नकार आणि माफी एकाच देहात. वर इंद्रधनुष्य, आणि खाली मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या वचनावरून घेतलेले शब्द: ‘ते तुम्ही माझ्याशीच करता’.

१५ सप्टेंबर १९६३ ला वंशद्वेषी गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांच्या या चर्चमध्ये घडवलेल्या बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या, तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. त्याच स्फोटात एका जुन्या रंगीत काचेतल्या ख्रिस्ताचा नेमका चेहरा उडाला होता. नवी काच १९६५ मध्ये बसली.

वर्गणीचा किस्सा लेखात राहिलाय. वेल्समधल्या ‘वेस्टर्न मेल’ या वृत्तपत्राने या खिडकीसाठी आवाहन केलं तेव्हा अट घातली की कुणाकडूनही अर्ध्या क्राउनपेक्षा (तेव्हाचं एक ब्रिटिश नाणं) जास्त घ्यायचं नाही. एखाद्या धनिकाने सगळी रक्कम भरून टाकू नये म्हणून! आमच्या मंडळात तर पावतीपुस्तकाचं पहिलं पान बिल्डरसाठी राखून असतं.